हौसेचा खेळ आणि पोटाचा खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकणारी बाई. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला पुढे ढकलले. विषय कोणता घेऊ म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "तुमच्या भाचीचे ते जे चालले आहे ना, त्यावरच बोला. सगळ्या गल्लीत तीच चर्चा आहे." चर्चा आहे हे मलाही ठाऊक आहे. पिठाच्या गिरणीत डबा ठेवायला गेले तरी तिथे तोच विषय. तेव्हा म्हटले, चर्चा व्हायचीच असेल तर ती माझ्यासमोर आणि पुरती माहिती घेऊन व्हावी.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मुष्टियुद्ध खेळते. तुम्ही त्याला बॉक्सिंग म्हणा. शाळेत असताना ती कबड्डीसाठी मैदानावर जाऊ लागली आणि शेजारच्या आखाड्यातली ती टांगलेली वाळूची पिशवी पाहून तिकडेच रमली. राज्य पातळीवर दोन पदके मिळाली तेव्हा आपण सर्वांनी याच सभागृहात तिला श्रीफळ दिले होते. त्या वेळी कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती गेल्या दिवाळीनंतर. सामने भरवणारे एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, मुलीला धंदेवाईक करा. आमच्याशी तीन वर्षांचा करार करा. आणि त्याच आठवड्यात रेल्वेकडून खेळाडूंच्या जागांसाठी चाचणीला बोलावल्याचे पत्र आले.

माझ्या बहिणीने 'धंदेवाईक' हा शब्द ऐकला आणि पदर डोळ्यांना लावला. भगिनींनो, हसू नका. पुरुषाने धंदा केला तर तो उद्योगी, आणि बाईच्या नावापुढे तोच शब्द लागला की तो कानाला कसा लागतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून हल्ली 'व्यावसायिक' म्हणतात. नाटकवाल्यांनीही तेच केले. हौशी नाटक वेगळे आणि व्यावसायिक नाटक वेगळे, हे आपल्याला लहानपणापासून कळते. हौशी म्हणजे रात्री तालमी करून सकाळी कचेरीत जाणारे. व्यावसायिक म्हणजे तिकीट खपले तर चूल पेटणारे. मुष्टियुद्धातही तेच असेल अशी माझी समजूत होती. ती अर्धी चुकीची निघाली, आणि ती कशी चुकीची निघाली तेच मला आज सांगायचे आहे.

बहिणीचा हुकूम झाला, "ताई, तू शिकवलेली आहेस, तूच बघ हे." मी आयुष्यभर गणित शिकवले, मारामारीतले मला काय कळणार? पण भाची म्हणाली, "मावशी, तू नुसती केटी टेलर बघ." मग महिनाभर मी तेच केले. दुपारी जेवणे उरकली की भाचीचा लॅपटॉप उघडायचा आणि त्या आयरिश मुलीचे सामने पाहायचे. पहिले दोन दिवस ठोसा पडला की मीच डोळे मिटत असे. तिसऱ्या दिवशी मी गुण मोजू लागले!

ही केटी 1986 साली जन्मली, डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी ब्रे नावाचे गाव आहे तिथे. वडील पीट स्वतः हौशी मुष्टियोद्धे, तेच तिचे गुरू. आई ब्रिजेट या खेळात पंचाचे काम करणारी. म्हणजे घरातच आखाडा. पण त्या देशात तेव्हा मुलींना सामना खेळण्याची परवानगीच नव्हती. मग ही पोर काय करी, तर केस शिरस्त्राणाखाली खोचायची, नाव नुसते 'के. टेलर' लावायचे, आणि मुलांशी लढायचे. सामना संपून शिरस्त्राण निघाले की केस खांद्यावर पडायचे आणि मग सभागृहाला कळायचे की जिंकला तो मुलगा नव्हे!

तिच्या आधी डीअर्ड्रा गोगार्टी नावाची एक आयरिश बाई होऊन गेली. तिला मायदेशात लढता येईना, म्हणून ती अमेरिकेत लुइझियानात जाऊन राहिली आणि 1996 साली लास व्हेगासला क्रिस्टी मार्टिनशी लढली. तो सामना खूप गाजला. छोट्या केटीने या गोगार्टीबाईंना पत्र लिहिले होते. आणि शेजारच्या इंग्लंडात 1998 पर्यंत बाईला धंदेवाईक परवानाच मिळत नसे. जेन काउच नावाच्या बाईने न्यायाधिकरणात दाद मागितली. तिथे परवाना देणाऱ्या मंडळाने कारण काय सांगितले म्हणाल? बायकांचे महिन्याचे चक्र असते, त्यामुळे त्यांचे मन स्थिर राहत नाही! काउचबाई खटला जिंकल्या. मला मात्र हे वाचून आमच्या आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. विलायतेतही ते असते म्हणायचे, फक्त तिथे ते वकिलामार्फत सांगतात.

असो. 2001 च्या ऑक्टोबरात डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडातला पहिला अधिकृत स्त्रियांचा सामना झाला. त्यात केटी होती, पंधरा वर्षांची. तिथून पुढे पंधरा वर्षे ती 'हौशी' होती. तिचे पहिले जागतिक अजिंक्यपद तिला 2006 साली आपल्या नवी दिल्लीत मिळाले. त्याच स्पर्धेत आपल्या मेरी कोम आणि सरिता देवी यांनीही सुवर्णपदके घेतली. त्या वेळी वर्तमानपत्राच्या कोणत्या पानावर ती बातमी आली होती, मला आठवत नाही. मी ती वाचली नव्हती हे खरे. त्यानंतर 2008, 2010, 2012 आणि 2014 अशी आणखी चार अजिंक्यपदे केटीने मिळवली. ओळीने पाच. आणि 2012 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला प्रथमच प्रवेश मिळाला. उद्घाटनाला आयर्लंडचा झेंडा तिच्या हाती होता. अंतिम सामन्यात रशियाच्या सोफिया ओचिगावाविरुद्ध दोन फेऱ्यांनंतर ती मागे होती, शेवटी 10 विरुद्ध 8 गुणांनी जिंकली. आपल्या मेरी कोमना कांस्य मिळाले ते याच ऑलिंपिकमध्ये.

आता गणिताच्या बाईंचा प्रश्न. या सगळ्या काळात हिचे पोट कशावर चालले? तर सरकारी क्रीडा अनुदानावर. वरच्या श्रेणीच्या खेळाडूला वर्षाला 40,000 युरो मिळत, त्या श्रेणीत ती होती. म्हणजे नाव हौशी, पण दरमहा पगार मिळाल्यासारखेच. आपल्याकडेही पाहा. पोलीस, रेल्वे, सैन्यदल ही खाती खेळाडूंना नोकरी देतात. निखत झरीन तेलंगणात आणि लव्हलिना बोर्गोहेन आसामात पोलीस उपअधीक्षक झाल्या त्या पदकांच्या बळावर, धंदेवाईक होऊन नव्हे. म्हणजे आपल्या देशात उलटेच आहे, भगिनींनो. ज्याला हौस म्हणतात त्याच्यामागे पगार आणि रजा असते, आणि ज्याला व्यवसाय म्हणतात त्यात महिन्याच्या एक तारखेला काहीच मिळत नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा मी बहिणीला म्हटले, "तू रडत होतीस ते बरोबर, फक्त कारण चुकीचे होते."

मग केटी धंदेवाईक का झाली? 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीतच हरली. हरवणारी फिनलंडची मिरा पोटकोनेन, पस्तिशीची, दोन मुलांची आई. (हे वाचून मला आनंद झाला की वाईट वाटले, मलाच कळले नाही.) त्या वेळी वडील तिच्या कोपऱ्यात नव्हते; घरातल्या काही कारणांनी आदल्या वर्षी दोघांचे मार्ग वेगळे झाले होते. ज्या माणसाने पहिला हातमोजा बांधला तो कोपऱ्यात नाही, हातचे पदक गेलेले, वय तीस. आपल्यापैकी कोणी असते तर म्हटले असते, पुष्कळ झाले, आता घरी बस. तिने इंग्लंडातले सामने भरवणारे एडी हर्न यांना स्वतःहून संदेश धाडला. स्वतः अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या व्हर्नन या शांत गावी नवे शिक्षक रॉस एनामेट यांच्याकडे जाऊन राहिली. आणि 26 नोव्हेंबर 2016 ला लंडनच्या वेम्बली अरिनामध्ये तिचा पहिला धंदेवाईक सामना झाला. पोलंडच्या करिना कोपिन्स्काला तिने तिसऱ्या फेरीत थांबवले.

या कोपिन्स्काची नोंद मी पाहिली. तिच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त होते. मी भाचीला विचारले, "ऑलिंपिकच्या विजेतीपुढे ही कशाला उभी केली?" भाची हसली. म्हणाली, "मावशी, हाच तर फरक आहे." हौशी स्पर्धेत चिठ्ठी निघेल तो प्रतिस्पर्धी. आठवडाभरात चार-पाच लढती, आणि लढतीच्या दिवशी सकाळी वजन. धंद्यात प्रतिस्पर्धी निवडला जातो. नव्या माणसाची चढती कमान दिसावी म्हणून आरंभी सोपे गडी देतात, मग हळूहळू अवघड. आपल्या जत्रेतल्या कुस्तीत नारळावरची कुस्ती आधी आणि निकाली कुस्ती शेवटी असते, तसेच म्हणाना. पण ती समोरची बाई, जी हरण्याच्या हिशेबानेच बोलावलेली असते, तीही धंदेवाईकच असते. तिला कोणी श्रीफळ देत नाही. करारावर सही करणाऱ्या प्रत्येक मुलीला केटी व्हायचे असते. पण कोपिन्स्का होणाऱ्याच फार.

खेळही बदलतो. लंडनला केटी दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या लढली. आठ मिनिटे झाली. धंद्यातल्या अजिंक्यपदाला स्त्रियांच्या दोन मिनिटांच्याच, पण दहा फेऱ्या. वीस मिनिटे. डोक्यावरचे शिरस्त्राण जाते. तिच्या वजनाच्या मुलींचा हातमोजा दहा औंसांचा होता तो आठ औंसांचा होतो; म्हणजे मधली गादी पातळ होते. लंडनला पंच कळ दाबून लागलेले ठोसे मोजत, तेव्हा चपळाईने स्पर्श करून निसटणाऱ्याचे फावत असे. धंद्यात एकेका फेरीचे गुण देतात आणि जोराच्या ठोशाला वजन असते. त्यामुळे तीस वर्षांच्या बाईला उभे राहण्यापासून सगळे नव्याने शिकावे लागले.

ती शिकली. सातव्या सामन्यातच, 2017 च्या ऑक्टोबरात कार्डिफला, तिने जागतिक पट्टा घेतला. 2019 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला बेल्जियमच्या डेल्फीन पर्सूनशी गाठ पडली आणि चारही पट्टे केटीकडे आले. ही पर्सून पोलीस शिपाई होती. नोकरी सांभाळून लढणारी. दोन पंचांनी 96-94 असा केटीच्या बाजूने आणि एकाने बरोबरीचा कौल दिला. मला विचाराल तर, मी दोनदा तो सामना पाहिला आणि दोन्ही वेळा मला पर्सून जिंकलेली दिसली. भाचीचे आणि माझे यावरून दोन दिवस बोलणे नव्हते.

आणि 30 एप्रिल 2022 चा सामना! त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी आणि प्वेर्तो रिकोची अमांडा सेरानो. तिथे त्या दिवसापर्यंत कधीही रात्रीचा मुख्य सामना दोन बायकांचा झाला नव्हता. एकोणीस हजारांवर माणसे. दोघींनाही किमान दहा-दहा लाख डॉलर. पाचव्या फेरीत सेरानोने केटीला असे कोंडले की नाकातून रक्त, पाय लटपटलेले. मी लॅपटॉपचे झाकण मिटले. चहा टाकला. परत आले, उघडले, तर ही बाई उभी! शेवटी दोन पंच केटीच्या बाजूला, एक सेरानोच्या. 2024 आणि 2025 मध्ये दोघी पुन्हा भिडल्या, दोन्ही वेळा केटीच जिंकली, आणि दोन्ही वेळा भांडायला जागा राहिली.

मायदेशी मात्र तिला धंदेवाईक म्हणून लढता यायला साडेसहा वर्षे लागली. 2016 च्या फेब्रुवारीत डब्लिनच्या एका हॉटेलात वजन घेण्याच्या समारंभात टोळीवाल्यांनी गोळीबार केला, एक माणूस ठार झाला. त्यानंतर त्या शहरात मोठे सामनेच जवळजवळ थांबले. अखेर 2023 च्या मे महिन्यात ती डब्लिनला लढली, आणि घरच्या माणसांसमोर शँटेल कॅमेरनकडून पहिल्यांदा हरली. नोव्हेंबरात त्याच जागी तिने परतफेड केली. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती.

हे सगळे पाहून मी भाचीला माझा हिशेब सांगितला. म्हटले, बघ, केटी पंधरा वर्षे सरकारी अनुदानावर राहिली, पदके मिळवली, नाव झाले आणि मग धंद्यात गेली. तुझी आत्ता एकवीस वर्षे. रेल्वेची चाचणी दे. भाची शांतपणे म्हणाली, "मावशी, सेरानो विसाव्या वर्षी धंदेवाईक झाली. तिने ऑलिंपिकची वाट पाहिली नाही." मी वहीत बघितले. खरेच, 2009 साली. मग मीही म्हटले, "2009 ते 2022. दहा लाख डॉलर यायला तेरा वर्षे लागली. त्या तेरा वर्षांचे भाडे कोण भरील?" आम्ही दोघी गप्प बसलो.

ब्रुकलिनच्या हेदर हार्डीचेही मी तिला वाचून दाखवले. एकटीने मुलगी वाढवणारी बाई. आपल्या सामन्याची तिकिटे आपणच दारोदार विकायची; छोट्या सामन्यांत असेच चालते, ज्याची तिकिटे खपतात त्यालाच बोलावतात. ती अजिंक्यपदापर्यंत पोचली, सेरानोशीही लढली. 2024 साली मेंदूच्या इजेमुळे तिने खेळ सोडला. दृष्टीवर परिणाम झाला होता. हे वाचताना माझा आवाज कापला. भाचीचा नाही कापला. ती म्हणाली, "डोक्याला मार हौशी खेळातही लागतो, मावशी. तुला पदके दिसत होती म्हणून तू विचारले नाहीस." भगिनींनो, ती खरे बोलली. श्रीफळ देताना आपण कोणीच विचारले नव्हते.

आपल्याकडे सरिता देवींनी दोन्ही करून पाहिले. 2017 च्या जानेवारीत त्या इंफाळला धंदेवाईक सामना लढल्या आणि पुढच्या वर्षी दिल्लीच्या हौशी जागतिक स्पर्धेतही उतरल्या. पूर्वी एकदा धंद्यात पाऊल टाकले की ऑलिंपिकचे दार बंद होई. 2016 पासून ते दार उघडले आहे. एवढी सवलत पुढच्या पिढीला मिळाली.

मग ते गृहस्थ पुन्हा आले. मी करार मागून घेतला. अकरा पाने, सगळी इंग्रजी. चष्मा लावून दोन रात्री वाचला, शब्दकोश घेऊन. तीन वर्षे दुसऱ्या कोणासाठी लढायचे नाही. वर्षात किती सामने देणार, त्याचा आकडा नाही. मिळकतीतले शेकडा तीस त्यांचे, आणि प्रवास, शिक्षक, वैद्यकीय तपासण्या हे उरलेल्या सत्तरातून. चौथ्या पानावर 'इजा' हा शब्द एकदाच आला होता, तो असा की इजा झाल्यास मुदत तितकी वाढेल. मी विचारले, "डोक्याला लागले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा?" ते म्हणाले, "मावशी, ते आपण नंतर बघू." मी म्हटले, "मी तुमची मावशी नव्हे. आणि नंतर म्हणजे कोणत्या पानावर?"

माझी बहीण आत भाजी चिरत होती. ती विळी सोडून बाहेर आली. चार महिने जी 'धंदा' या शब्दाला रडत होती ती त्या गृहस्थांना म्हणाली, "माझी मुलगी धंदा करील तर कागद नीट करून करील. हा कागद परत न्या." आणि भाचीने आईकडे असे पाहिले की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

गृहस्थ कागद घेऊन गेले. सुधारून आणतो म्हणाले आहेत. आमच्या मागण्या मी मराठीत लिहून दिल्या आहेत: सामन्यांचा किमान आकडा, दवाखान्याचा विमा, दरवर्षी मेंदूची तपासणी त्यांच्या खर्चाने, आणि रेल्वेची नोकरी लागली तर तिच्या परवानगीच्या आड हा करार येणार नाही अशी ओळ. आपल्या मंडळातल्या वकीलबाईंनी भाषा तपासून दिली, त्यांचे आभार इथेच मानते. सही अजून झालेली नाही. रेल्वेची चाचणी पुढच्या महिन्यात बारा तारखेला आहे. वजन साठ किलोच्या आत हवे, म्हणून सध्या तिच्यासाठी घरात पुरणपोळी बंद आहे. तेव्हा आजच्या फराळातली तिची पोळी, अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर, मी खाणार आहे.